मी जागेवर होतो

एका दुपारी, अणदुरात, मी माझा सूर हलवला. आणि ज्यांचा कान जागेवर होता त्यांच्या माथी ती चूक बसू दिली.

एवढी दोन वाक्यं लिहायला मला तीन दिवस लागले. शाळा सुटली की वही उघडायची, टाक दौतीत बुडवायचा आणि टोकावरची शाई वाळेपर्यंत नुसतं बसायचं, असे तीन दिवस. हे मी बायकोला कधी बोललो नाही. ती आता नाही. भावकीत बोललो नाही. खंडोबापुढं कितीदा कपाळाला भंडारा लावून उभा राहिलो, पण तिथंही ओठ मिटलेलेच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — खरं बोलायला बसलोच आहे तर — तुम्ही त्यांना ओळखत नाही म्हणून.

मल्हारी हे नाव तुम्ही ऐकलेलं नाही. अणदूर, नळदुर्ग, फार तर उमरग्यापर्यंत, तेवढ्या मुलखात जुनी माणसं अजून म्हणतात की मल्हारीसारखी सनई पुन्हा झाली नाही. त्यापलीकडं काही नाही. त्यांची ग्रामोफोनची तबकडी निघाली नाही, फोटो नाही, कुठं छापून आलेलं नाव नाही. त्यांची सनई आता ज्यांनी ऐकली त्यांच्या कानात तेवढी उरली आहे, आणि ती माणसंही एकेक करून कमी होत चालली आहेत. हे असं होण्यात माझा हात आहे. हात म्हणणंही चूकच — माझा ओठ आहे.

थांबा. आधी सूर म्हणजे काय ते सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसला हा.

सनईवाला एकटा कधी बसत नाही. त्याच्या डाव्या अंगाला दुसरा एक माणूस असतो. त्याच्या हातातलं वाद्य लांबून सनईसारखंच दिसतं, पण त्याची भोकं मेणानं बुजवलेली असतात. त्यातून एकच स्वर निघतो, षड्ज, म्हणजे सा. आणि वाजणं संपेपर्यंत तो तुटू द्यायचा नसतो. गालांत हवा साठवायची, ती फुंकत असतानाच नाकानं नवा श्वास घ्यायचा. घंटाघंटा, दीडदीड घंटा. त्या वाद्यालाही सूरच म्हणतात. ते धरणाऱ्याकडं कुणी बघत नाही. लग्नातली माणसं सनईवाल्याच्या बोटांकडं बघतात, संबळवाल्याच्या टिपऱ्यांकडं बघतात. सूरवाल्याचे फुगलेले गाल दिसले की हसतात, तेवढंच.

मी सूरवाला होतो. त्या दुपारपर्यंत वीस वर्षं झाली होती.

मल्हारीदादा माझे चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. त्यांचे वडील पटकीत गेले, म्हणून ते आमच्याच घरी वाढले. आम्हा दोघांनाही माझ्या वडिलांनी शिकवलं. आमचं घर वाजंत्र्याचं; देवळातल्या पहाटेच्या सनईचा मान आमच्याकडं. अणदूरचा खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गला राहायला जातो, बाकीचे दिवस आमच्या गावात. देव तिकडं गेला की आमच्या गावात पहाट मुकी व्हायची. त्या दिवसांत वडील आम्हाला समोर बसवून घ्यायचे. अशाच एका सकाळी त्यांनी आपली सनई उचलली आणि दादांच्या मांडीवर ठेवली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सदा, तुझा दम लांब हाय. तू सूर धर."

कौतुकच होतं ते. आणि त्याच कौतुकात माझं आयुष्य ठरलं. मुलगा मी होतो, सनई पुतण्याला गेली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण वडिलांचं चुकलं नव्हतं. दादांच्या बोटांतून जे निघायचं ते माझ्या बोटांतून निघत नव्हतं, हे मला वडिलांइतकंच कळत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं तुम्ही माझी बाजू घ्यायला जाणार नाही.

वडिलांचा एक नेम होता आणि तो त्यांनी आमच्या हाडांत भिनवला. सनई आणि सूर यांच्यात फरक पडलासा वाटला, तर चूक सनईची. सनईनं सुराकडं यायचं. सुरानं सनईकडं जायचं नाही. वाजवणारा शंभर गोष्टींत गुंतलेला असतो, वाहत जातो. सूर धरणाऱ्याला काम एकच, म्हणून भरवसा त्याच्यावर ठेवायचा. सारं गाव हललं तरी सूरवाल्यानं जागा सोडायची नाही, असं वडील म्हणायचे. तेव्हापासून वाजवून झालं की दादा मला विचारायचे, "जाग्यावर व्हतास न्हवं?" मी म्हणायचो, "व्हतो." लोक एकमेकांना रामराम घालतात तसं झालं होतं ते. विचारणाऱ्याला शंका नसायची, सांगणाऱ्याला विचार करावा लागत नसे.

हा नेम लक्षात ठेवा. मी त्याचाच गैरफायदा घेतला.

दादांची सनई कशी होती, हे मला सांगता यायला हवं. ती इतकी वर्षं हातभर अंतरावरून ऐकलेला जगात मी एकटाच. पण माझ्याकडं तेवढे शब्द नाहीत. विहिरीवरच्या बायका रहाट थांबवायच्या, असं म्हणू का? पण ते तर प्रत्येक वाजंत्री स्वतःबद्दल सांगतो. एक दुसरं सांगतो. खालच्या निषादावरून षड्जावर येताना दादा मध्येच किंचित थांबायचे. येतात की नाही, असं वाटेपर्यंत थांबायचे. मी तिथं षड्ज धरून बसलेलो असायचो, वाट बघत. आणि मग ते यायचे, आणि त्यांचा स्वर माझ्या स्वरात असा मिसळायचा की मला माझा आवाज ऐकूच यायचा नाही. लांबच्या गावाहून आपलं माणूस घरी आल्यावर वाटतं तसं वाटायचं. रोज. वीस वर्षं. एवढंच सांगता येतं.

आता ती दुपार.

निजामाचं राज्य होतं, बाहेर जगात मोठं युद्ध चाललं होतं. आमच्या गावात गुरुलिंगअप्पा म्हणून एक लिंगायत आडते होते. घरात कानडी, बाजारात मराठी आणि कचेरीत उर्दू बोलायचे, आणि तिन्ही भाषांत थट्टा करायचे. त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. वऱ्हाड सोलापूरचं, म्हणजे इंग्रजी हद्दीतलं, करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडून आलेलं. त्या वऱ्हाडात एक मुंबईचा पाहुणा होता. तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीसाठी तो गाणारे-वाजवणारे शोधत फिरायचा. सकाळी त्यानं दादांची सनई ऐकली. आम्ही मांडवाच्या बाहेर बसायचो, आत नाही. तो उठून बाहेर आला आणि उन्हात उभा राहून ऐकत राहिला. जेवणं झाल्यावर त्यानं अप्पांकडून निरोप पाठवला की वाड्याच्या दारालगतच्या बैठकीत, ढेलजेत बसून एकदा निवांत ऐकायचं आहे.

निरोप घेऊन अप्पा स्वतः आले. "मल्हारी, आज छलो, चांगलं वाजीव बाबा," ते म्हणाले. "तुझा आवाज डब्यात घालून मुंबईला न्यायला आलाय ह्यो पावना."

"डब्यात घातल्यावर म्या काय करू अप्पा?" दादा म्हणाले. "मुका फिरू व्हय गावात?"

अप्पा पोट धरून हसले. दादाही हसले. इतके मोकळे हसलेले ते मला त्यानंतर आठवत नाहीत.

आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला अप्पांच्या ढेलजेत सतरंजीवर बसवलं. आत जाण्याआधी दादांनी पायांवर पाणी घेतलं. दोन पावलं गेले, परत आले आणि पुन्हा घेतलं. बसले तेही अंग चोरून, सतरंजीला पाय लागू नयेत असे. तबकडीवाला चांगला माणूस होता, हे सांगायला हवं. त्यानं अदबीनं विचारलं, कुठं शिकलात, काय काय वाजवता. मग म्हणाला की आता ऐकतो, आणि सकाळसारखंच झालं तर पुढच्या महिन्यात मुंबईला या, तबकडी काढू. दादांची मान खाली होती, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते.

"तुम्ही एकटेच आलात तरी चालेल," तो म्हणाला. "सूर तिकडं आमचा माणूस पेटीवर धरतो."

तो माझ्याकडं बघत नव्हता. वाईट हेतूनं बोललाही नव्हता. त्याच्या धंद्यातली साधी गोष्ट त्यानं सांगितली. पेटीवर — म्हणजे एका हातानं भाता हलवायचा आणि दुसऱ्या हाताचं एक बोट एका पट्टीवर ठेवून द्यायचं. त्याला श्वास लागत नाही. वीस वर्षं मी काय करत आलो? एका बोटाचं काम. हे मला त्याच्या त्या एका वाक्यानं कळलं.

मी दादांकडं बघितलं. मला वाटलं, आता ते म्हणतील की सदा माझ्याबरोबर येईल. एवढंच हवं होतं मला. पुढं तबकडीवाल्यानं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण दादा काही बोलले नाहीत. सनईच्या तोंडाला बसवायची पत्ती ओठांत धरून ओली करत राहिले.

त्यांना मी आठवलोच नाही, असं मला तेव्हा वाटलं. आज वाटतं की पहिल्यांदाच सतरंजीवर बसायला मिळालेला माणूस अटी कशा घालणार? पण आज काय वाटतं ते सांगायला मी बसलेलो नाही. तेव्हा काय केलं ते सांगायचं आहे.

दादांनी भीमपलास लावला. सुरुवातीला बराच वेळ मी जागेवर होतो. तबकडीवाल्यानं डोळे मिटले होते. अप्पा मांडीवर बोटं आपटत होते. दादा वाजवत होते ते सकाळपेक्षाही वरचढ होतं. मीच सांगतो म्हणजे खरं समजा. आणि हे सगळं ऐकत, त्याला श्वास पुरवत, मी मनात म्हणत होतो — पेटीवर. पेटीवर.

मग माझे ओठ आवळले गेले.

सुराच्या पत्तीवर ओठ आवळले की स्वर केसभर चढतो. पहिल्यांदा ते रागाच्या भरात झालं असेल. असेल म्हणतो, आठवत नाही. पण चढलेला मला लगेच कळला, आणि मी तो खाली आणला नाही. आणखी थोडा आवळला. इतका सावकाश, की ढेलजेत बसलेल्या कुणाला कळणं शक्य नव्हतं. एका माणसाला कळलं. दादांची मान एका बाजूला किंचित झुकली, हाक ऐकू आल्यासारखी. त्यांना फरक जाणवला होता. आणि मग त्यांनी काय केलं? वडिलांनी शिकवलं होतं तेच. स्वतःच्या कानाला खोटं ठरवलं आणि माझ्याकडं आले.

मी चढत गेलो, ते येत गेले. कुठं नेतोय हे न विचारता.

मी तिथंच थांबलो असतो तरी काही बिघडलं नसतं. दोघं मिळून चढलो होतो. ऐकणाऱ्याला सगळं एकजीवच वाटत होतं. रागाच्या भरात सुरुवात झाली आणि हातून निसटलं, असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं. पण मग पुढचं? तेही निसटलंच का?

दादा वरच्या षड्जाकडं निघाले होते. तिथं जाण्याआधी ते एक श्वास घेतात, हे मला ठाऊक होतं. नेमक्या त्याच वेळी संबळवाले बंडूकाका जोरात टिपरी हाणतात, हेही ठाऊक होतं. म्हाताऱ्या काकांना सुराशी काही देणंघेणं नव्हतं. दादा श्वास घेताना दिसले की ते आपली हौस भागवून घ्यायचे. मी त्या टिपरीची वाट बघितली. दादांनी श्वास घेतला, काकांचा हात पडला, आणि त्या आवाजाच्या आड मी ओठ सैल सोडले. माझा सूर मूळ जागेवर आला. खरा षड्ज, बिनचूक.

आणि दादांनी वरचा षड्ज लावला — मी त्यांना जिथं नेऊन ठेवलं होतं तिथं.

दोन स्वर एकमेकांवर घासले. ज्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही त्याच्याही अंगावर काटा यावा असे घासले. सोलापूरच्या एका पाहुण्यानं तोंड वाकडं केलं. तबकडीवाल्यानं डोळे उघडले. दादांनी स्वर सोडला, पुन्हा लावला. खाली आले ते जास्तच खाली आले. मग घाबरून वर. त्यांच्या कपाळावरून घाम पत्तीपर्यंत ओघळला. मी हललो नाही. आता मी दगडासारखा जागेवर होतो.

कसंबसं संपलं. तबकडीवाला म्हणाला की छान, पुन्हा कधी या बाजूला आलो तर ऐकू. आम्ही पायरी उतरत असताना त्यानं अप्पांना हळू आवाजात विचारलेलं मी ऐकलं, की सकाळी वाजवणारा तो हाच का. दादांनीही ऐकलं असावं. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

घराकडं जाताना ओढ्यापाशी दादा थांबले. ऊन अजून चांगलं होतं. "सदा," ते म्हणाले, "तू जाग्यावर व्हतास न्हवं?"

रोजचाच प्रश्न. पण रोज ते विचारताना सनई पुसत असायचे. त्या दिवशी ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मला वाटतं, माझ्याकडून त्यांना 'न्हाय' ऐकायचं होतं. मी तेवढं म्हणालो असतो तर काय झालं असतं? फार तर मुस्कटात बसली असती. आणि तबकडीवाला अजून गावातच होता. वऱ्हाड दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. परत जाऊन सांगायला, पुन्हा वाजवायला, सगळ्याला वेळ होता.

"व्हतो," मी म्हणालो.

दादांनी मान हलवली. "मग माझाच कान गेला म्हनायचा," ते म्हणाले, आणि चालू लागले.

सूर हलवला ते एका दुपारचं काम. तो एक शब्द मात्र मला पुढं वर्षानुवर्षं सांभाळावा लागला.

पहाटेची सनई चालू राहिली, कारण तो देवाचा मान. टाळता येत नाही. पण दादा आता भीत भीत वाजवायचे. सुरू करण्याआधी मला तीनतीनदा सूर लावायला सांगायचे. वरच्या षड्जाकडं जाणं त्यांनी सोडूनच दिलं. उमरग्याहून एका मोठ्या घरचं बोलावणं आलं, ते नको म्हणाले. गावातल्या लोकांना वाटलं, वय झालं. पन्नाशीही यायची होती. आणि खालच्या निषादावरचं ते थांबणं — ते गेलं. आता ते थांबायचे नाहीत. घाईघाईनं यायचे आणि माझा सूर धरायचे, डोळ्यांनी कमी दिसणारा माणूस भिंत धरतो तसा. आणि मी तिथं असायचो. विश्वासाचा माणूस.

त्यांचा मुलगा महादू. त्याचा कान चांगला होता. मला कळत होतं. दादांनी त्याला शिकवलं नाही. वहिनी एकदा भांडल्या. म्हणाल्या, घरचा मान आहे, पोटच्या पोराला शिकवायचं नाही तर शिकवायचं कुणाला? दादा म्हणाले, "माझा वाकडा कान त्येला देऊ व्हय?"

मी तिथंच ओट्यावर बसलो होतो. सुराच्या भोकांतलं जुनं मेण काढून नवं भरत होतो. वहिनींनी माझ्याकडं बघितलं — भावजी, तुम्ही तरी काही बोला, अशा नजरेनं. मी अंगठ्यानं मेण दाबत राहिलो. मऊ मेण होतं, दाबावं तसं बसत होतं. पुढं महादू सोलापूरच्या गिरणीत लागला.

मग रझाकारांचे दिवस आले. हद्दीजवळच्या पुष्कळ घरांसारखी आमचीही घरं सोलापूरकडं निघून गेली. तिथं एका हॉटेलात फोनो वाजायचा. एके दिवशी आम्ही त्या हॉटेलावरून चाललो होतो, आणि आत सनईची तबकडी लागलेली होती. कुणाची ते मला ठाऊक नाही. दादा भर रस्त्यात थांबले. टांगेवाला ओरडला तरी हलले नाहीत. ती सनई चांगली होती. दादांपेक्षा चांगली नव्हती. मागं सूर धरलेला होता, पेटीचा. तबकडी संपेपर्यंत दादा उभे राहिले. मग म्हणाले, "ह्येचा कान बघ, सदा. कसा जाग्यावर हाय."

त्यांच्या बोलण्यात हेवा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, चला दादा, ऊन होतंय. आणि आम्ही चालू लागलो.

निजामाचं राज्य गेलं, आम्ही गावी परतलो. एवढं मोठं राज्य जाऊ शकतं तर माझ्या तोंडून चार शब्द निघणार नाहीत का, असं वाटायचं. निघाले नाहीत. आणि आता मी तुम्हाला सगळ्यांत वाईट गोष्ट सांगतो. दादांचे पुढचे दात हलायला लागले होते. सनईवाल्याचे पुढचे दात गेले की सनई गेली. पत्ती धरताना ओठांना मागून आधार लागतो. एका हिवाळ्यात दोन पडले, उन्हाळ्यात आणखी दोन. दादांनी सनई फडक्यात गुंडाळून देवांच्या फळीवर ठेवून दिली. आणि मला हायसं वाटलं. आता सांगितलं तरी चालेल, असं वाटलं. का? कारण आता त्या सांगण्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. त्यांना ओठ होते, दात होते, दम होता, तोवर मी गप्प होतो.

तरीही लगेच सांगितलं नाहीच.

सनई थांबली तसं सुराचंही काम संपलं. मी तुळजापूरकडच्या एका शाळेत शिपाई म्हणून लागलो. तास वाजवतो. लोखंडी पट्टीवर टोला द्यायचा. एकच आवाज, तोच, दिवसभर. मास्तर म्हणतात, सदाशिवचा टोला कधी चुकत नाही. सुट्टीत शाळा रिकामी झाली की मी व्हरांड्यात बसतो. कधीकधी गाल आपोआप फुगतात. बाजूला कुणी नसतं.

वहिनी वारल्यावर दादा लेकीकडं माकणीला राहायला गेले. वर्षातून दोनतीनदा मी त्यांना भेटून यायचो. पाऊसपाणी, महादूची गिरणी, गावातलं कोण गेलं, असं बोलणं व्हायचं. आणि दरवेळी, मी निघायच्या आधी, कुठून तरी ती दुपार निघायची. दादा विचारायचे की त्या दिवशी मी जागेवर होतो ना. भांडायला नाही; म्हातारी माणसं हरवलेली वस्तू त्याच त्याच फडताळात पुन्हा बघतात, तसं. मी होतो म्हणायचो, आणि निघायचो.

गेल्या शिमग्यानंतर गेलो. लेक रानात गेली होती. दादा ओसरीवर अंबाडीचा दोर वळत बसले होते. बोटं अजून तशीच, लांब, सावकाश चालणारी. मी जवळ बसलो आणि जेवणाखाण्याचं विचारलं.

"भाकरी कुस्करून खातो," ते म्हणाले. "सनई काय कुस्करून वाजवता येत न्हाय."

आम्ही दोघंही हसलो. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. दोराचा पीळ त्यांच्या मांडीखालून हळूहळू पुढं सरकत होता. मी उठायला लागलो, तेव्हा त्यांनी वर न बघताच विचारलं, "सदा, त्या दिशी अप्पाच्या ढेलजंत... तू जाग्यावर व्हतास न्हवं?"

मी पुन्हा बसलो.

"न्हवतो," मी म्हणालो.

दोर थांबला.

मग मी सगळं सांगितलं. ओठ कसे आवळले, त्यांना कसं वर नेलं, बंडूकाकांच्या टिपरीची वाट कशी बघितली, कधी सोडलं. पेटीचं तेवढं सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं, पण त्यांना सांगितलं असतं तर ते कारण दिल्यासारखं झालं असतं. ते ऐकत होते. हातातला पीळ सुटत गेला आणि दोराचं टोक उलगडून पायांशी पडलं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

"म्हादूला शिकवलं असतं रं मग," ते म्हणाले.

मी त्यांच्या पायांशी पडलेलं दोराचं टोक उचललं.

मग ते म्हणाले, "कितीदा इचारलं म्या तुला."

"लईदा इचारलंत," मी म्हणालो. "माझं चुकलं, दादा. तुमचा कान जाग्यावर व्हता. म्या न्हवतो."